लाल दोऱ्याची पाच पिसं

लहानूदादा, काल माझ्या पीएचडीच्या गाईडचा, सरांचा फोन आला. म्हणाले, "ती पाच पिसं पेपरमधून काढून टाका." मी म्हटलं, नाही काढणार. ते म्हणाले, "शांत डोक्यानं विचार करा." मी म्हटलं, सर, डोकं शांत आहे म्हणून नुसतं नाही म्हणतेय. मग फोन ठेवला आणि तासभर घरात भांडी आपटत फिरले. नवरा मुकाट्यानं बाल्कनीत जाऊन बसला. त्याला सतरा वर्षांचा अनुभव आहे.

तू असतास तर हसला असतास. हो, तू. जिवंत होतास तोवर मी तुला अहो-जाहो करत आले. "लहानूदादा, तुम्ही जरा सावकाश उतरा," असं. तू मात्र पहिल्या दिवसापासून मला तू, प्राचार्यांना तू, आणि सर पहिल्यांदा झाडं बघायला आले तेव्हा त्यांनाही, "सर, तू जरा बाजूला सरक, वरून काटक्या पडतील." सरांचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. तुमच्याकडे डोंगरात लहानमोठ्या सगळ्यांनाच तू म्हणतात हे मी त्यांना समजावलं, पण त्यांच्या मनातून ते काही गेलं नाही. तर आता मीही तूच म्हणणार. वयानं तू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पण आता तुझं वय काही वाढणार नाही आणि मी तुला गाठणारच आहे.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. अंगणात दोर वळत बसला होतास, छातीत कळ आली म्हणालास, तुझी भिमाबाई पाणी आणायला आत गेली आणि तेवढ्यात संपलं. हे मी मुद्दाम लिहितेय. कारण इथे कॉलेजात निम्म्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की तू झाडावरून पडून गेलास. "काय करणार, कामच धोक्याचं," असं मला तिघांनी ऐकवलं. तिघांनाही मी तिथल्या तिथे सांगितलं, तो माणूस उभ्या आयुष्यात एकदाही झाडावरून पडला नाही, नीट माहिती नसेल तर बोलू नका. त्यातल्या एका बाईंनी माझ्याशी बोलणं सोडलंय. सोडू दे.

आपली ओळखही भांडणातूनच झाली, आठवतं? कॉलेजच्या आवारातल्या नीलगिरीच्या फांद्या विजेच्या तारांना लागत होत्या म्हणून कंत्राटदारानं तुला द्राक्षबागेतून उचलून आणलं होतं. मी प्राणिशास्त्राचा तास सोडून, हातात खडू तसाच, धावत खाली आले आणि बोंब ठोकली, "उतरा आधी! वर घारीचं घरटं आहे!" वरून तुझा आवाज आला, "मला दिसतंय की. मी कुठं हात लावतोय? तूच वरडून उठवशील तिला." बाकीच्या सगळ्या फांद्या तू उतरवल्यास, ती एक ठेवलीस. कंत्राटदाराला म्हणालास, ही तोडायची असंल तर दुसरा माणूस आण. दुसरा माणूस कधी आला नाही. ती फांदी आजही आहे. मी हे लिहितेय तर समोर खिडकीतून दिसतेय, आणि घार अंड्यांवर बसलीय.

दुसऱ्याच दिवशी मी तुला माझ्या कामावर बोलावलं. चाळिशी उलटल्यावर पीएचडी करायला घेतलेली बाई, तीही घारीवर. सगळे हसायचे. गरुड घ्या, ससाणा घ्या, घार काय घेता? कचऱ्यावर बसते ती! पण माझं म्हणणं तेच होतं. युरोपापासून ऑस्ट्रेलियापर्यंत अर्ध्या जगावर ही घार फिरते, आपल्या डोक्यावर फिरते, आणि ती इतकी दिसते म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही. आपल्या नाशकातल्या घारी कुठून आल्या? कधीपासूनच्या इथल्या? त्यांच्यात बाहेरचं रक्त किती मिसळलं? गळलेल्या पिसाच्या देठात रक्ताचा सुकलेला कण असतो, त्यातून हे वाचता येतं. आईकडून पिल्लाकडे एक धागा जसाच्या तसा उतरतो. लेकीकडून पुन्हा तिच्या पिल्लांकडे. तो धागा धरून मागे मागे गेलं की कळतं, कोण कुणाची.

हे सगळं मी तुला फळ्यावर शिकवल्यासारखं सांगितलं. तू ऐकलंस आणि म्हणालास, "म्हणजे तू घारींचं कूळ काढती."

"हो. पण आईकडचं."

तू असा खदखदून हसलास की नीलगिरीवरची घार खरंच उठली. "आईकडचं कूळ! भिमाला सांगतो आज. तीस वर्सं झाली, तिला मी माझंच कूळ ऐकवतोय."

तुला तिसरीपर्यंतचं लिहिता-वाचता येत होतं आणि माझ्याकडे दोन पदव्या होत्या, पण माझा सगळा विषय तू एका वाक्यात मला परत सांगितलास. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं. वर्गात मुलांना मात्र चार वर्षं तुझंच वाक्य सांगत आले, तुझं नाव न घेता.

कामाचे नियम माझे. एका घरट्याखालून एकच पीस. चिमट्यानंच उचलायचं. पाकिटात चिठ्ठी घालायची, तिच्यावर जागा, झाड, तारीख आणि शेवटी एक शब्द, स्थानिक की स्थलांतरित. वनखात्याची परवानगी होती ती गळलेल्या पिसांपुरती, त्यामुळे घरट्याला हात लावायचा नाही. तू वर चढायचास ते फक्त अंडी आहेत की पिल्लं ते बघायला. तुझे नियम वेगळे होते. चढण्याआधी बुंध्याशी चिमूटभर नागलीचे दाणे ठेवायचे. मी एकदा विचारलं, यानं काय होतं? "काय नाय होत. इचारून चढावं." आणि प्रत्येक पिसाच्या देठाला तू दोरा बांधायचास. मला वाटायचं, पीस पाकिटातून सटकू नये म्हणून. तो दोरा कसला हे मात्र मी कधी विचारलं नाही. वेळच नसायचा ना मला!

थंडीत आपण सायखेड्याला जायचो. नदीकाठच्या झाडांवर संध्याकाळी शेकडो घारी उतरायच्या. हिमालयापलीकडून येणाऱ्या त्या. जरा मोठ्या, डोळ्यामागे काळसर पट्टा, पंखाखाली पांढुरका डाग. त्यांना तू 'पाव्हणी' म्हणायचास. मी पुस्तकात वाचून शिकले होते, तू द्राक्षबागेतून मान वर करून शिकला होतास. "आम्ही छाटणीला डोंगरातून येतो तवाच ह्या येतात. माल उतरला की आम्ही जातो, तवाच ह्या जातात. आमची आन यांची एकच हजेरी."

मी म्हटलं, बरोबर. म्हणून त्या स्थलांतरित. त्या इथं अंडी घालत नाहीत.

"घालतात काही काही."

"नाही घालत, लहानूदादा. जगातल्या सगळ्या पुस्तकांत लिहिलंय."

"आमच्यातली दोन-चार घरं राहत्यात की निफाडला. मालकानं खोली दिली, पोरं शाळेत गेली, राहिली. मग तीबी इथलीच होत्यात का नाय? तसंच."

मी तुला सांगितलं की माणसाचं वेगळं आणि पाखराचं वेगळं. तू म्हणालास, "बरं." तुझं हे 'बरं' मला चांगलं ओळखू यायचं. त्याचा अर्थ असा, की तू बोल, मला दिसतंय ते मला दिसतंय.

होळीच्या आधीची गोष्ट. प्रयोगशाळेत मी तुझी पाकिटं मुलांसमोर उघडत होते आणि शहरातल्या नदीकाठच्या पाच घरट्यांच्या चिठ्ठ्यांवर तुझ्या वाकड्या अक्षरात एकच शब्द. पाव्हणी. माझं डोकंच फिरलं. घरटं केलंय म्हणजे पक्षी स्थानिक, हा माझा पहिला नियम. किती वेळा सांगितला होता! मी तुला सगळ्या मुलांदेखत बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवतं, पण लिहिण्याची लाज वाटते. एक वाक्य लिहितेच. "तुम्हाला कळत नसेल तर विचारत जा, मनानं लिहू नका." मग तुझ्यासमोर त्या पाचही चिठ्ठ्या फाडल्या आणि नव्या चिठ्ठ्यांवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, स्थानिक.

तू उठलास. चपला घातल्यास. "तू लिव. तुझा कागद हाय." एवढंच. आवाजही चढला नव्हता तुझा.

चढला असता तर बरं झालं असतं रे. मी कांद्याच्या शेतात वाढलेली, देवळ्याची. आमच्या घरात भांडण म्हणजे दोन तास आरडाओरडा आणि मग एकाच ताटात जेवण. गप्प राहून निघून जाणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नाही. मी म्हटलं, येईल चार दिवसांनी. नाही आलास. मग मी म्हटलं, मी का जाऊ? तुझ्या घरापर्यंत दीड तासाचा रस्ता. मी दहा महिने गेले नाही.

गणपती झाले आणि लॅबचे निकाल आले. देठाचं टोक तेवढं मी लॅबला पाठवायचे, उरलेलं पीस दोऱ्यासकट पाकिटात, आपल्या कपाटात. निकालाचा तक्ता उघडला. शहरातल्या जवळजवळ सगळ्या घारी एकमेकींच्या जवळच्या, एकाच जुन्या घरातल्या म्हणाव्यात अशा. आणि त्यांच्यात पाच जणी परक्या. त्यांचा आईकडचा धागा जुळत होता तो सायखेड्याच्या पाहुण्यांशी. कोणत्या पाच, हे मी यादी बघायच्या आधीच ओळखलं. तरी बघितली. तुझीच पाच घरटी.

त्याच संध्याकाळी तुझ्या गावाकडची, हरसूलची गाडी पकडायला हवी होती. "लहानूदादा, तुमचं बरोबर होतं," एवढं सांगायला. पण मी काय केलं? आधी परीक्षेचे पेपर तपासले. मग दिवाळी आली. मग कॉलेजची तपासणी. मनात म्हणत राहिले की असं मोठं काहीतरी घेऊन जावं, छापलेला पेपर घेऊन जावं, त्याच्या हातात ठेवावा. खरं सांगू? लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आणि ती लाज मी कामाखाली दडपून ठेवली.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी आमचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुमचे दादा येऊन गेले." दरवर्षी संक्रांत झाली की तू झाडाझाडांवर अडकलेला नायलॉन मांजा काढायला यायचास, घारींचे पंख त्यात कापले जातात म्हणून. या वर्षीही आला होतास. नीलगिरीवर चढलास, मांजा काढलास, गेटवर पाणी प्यायलास. मी वर प्रॅक्टिकल घेत होते. "तुमच्या खिडकीकडं बघत होते बराच वेळ," वॉचमन म्हणाला. मी धावत बाहेर रस्त्यापर्यंत गेले. तू गेला होतास. मग मनाशी म्हटलं, आता रविवारी जायचंच. रविवार उजाडायच्या आत तुझ्या लेकीचा, सुनंदाचा फोन आला.

तुझ्या दिवसकार्याला आले तेव्हा वाटलं होतं भिमाबाई मला दारातूनच परत पाठवेल. पाठवलं असतं तरी मी काही बोलले नसते. तिनं मला चहा दिला, जवळ बसवलं आणि म्हणाली, "लय उशीर केलास बाय." त्यानंतर मी अशी रडले की सुनंदानं मला पाणी आणून दिलं. तुझ्या घरच्यांवर माझी समजूत काढायची वेळ आणली मी. कांद्यावरची आहे, मला रडायला कारण लागत नाही, असं तू चिडवायचास. या वेळी कारण होतं.

मग ती मला आत घेऊन गेली. भिंतीला बियाण्याच्या पुरचुंड्या टांगलेल्या. नागली, वरई, भात. प्रत्येकीला दोरा. काहींना पांढरा, काहींना लाल. मी उगाच विचारलं, हे दोरे वेगवेगळे का? भिमाबाई म्हणाली, "सासूची रीत. पांढऱ्या दोऱ्याचं ते घरचं बी. लाल दोऱ्याचं ते पाव्हणं, माझ्या माहेरचं नायतर बाजारातलं. आन हे बघ, ह्यात लाल-पांढरा दोन्ही वळलाय, ते पाव्हणं आलं, दोन पावसाळे आपल्या मातीत निघालं, आता घरचं झालं."

 माझ्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतलं कपाट उभं राहिलं.

भिमाबाईनं बोलता बोलता फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. "तुझ्यासाठी ठेवलंय. तो म्हणायचा, ती येईल. तापट हाय, पण येईल. आली की देईन." आत एकच पाकीट. कॉलेजचंच, माझ्याकडून नेलेलं. त्यात एक छोटंसं पीस, अजून खोळीतून अर्धवटच बाहेर आलेलं, टोकाला पिल्लाची पांढुरकी लव चिकटलेली. देठाला लाल आणि पांढरा, दोन्ही दोरे एकत्र वळून बांधलेले. आणि चिठ्ठी.

सुनंदानं सांगितलं ते असं. आपलं भांडण झालं तरी तू त्या पाच घरट्यांकडे जात राहिलास. वैशाखात वादळी वारा सुटला तेव्हा टाकळीकडच्या पुलाजवळच्या शिरीषावरून एक पिल्लू खाली पडलं. तू त्याला धोतराच्या सोग्यात घेऊन परत वर ठेवलंस. सोग्यात हे पीस राहिलं. "बा म्हणला, आता बायला काय बोलता येणार नाय," सुनंदा म्हणाली. "उडता येत नाय त्या पिल्लाला, ते काय हिमालयातून आलं व्हय?"

लहानूदादा, तू वाद सोडून गेला नव्हतास तर! मी समजत होते रागावून बसलाय, आणि तू पुरावा गोळा करत होतास. माझ्या नियमात बसणारा, मलाच नाही म्हणता येणार नाही असा. गळलेलं मोठं पीस कुणी कुठूनही उचललं म्हणता येईल. पण लव चिकटलेलं कोवळं पीस घरट्यातच असतं. एवढं तुला कळत होतं, आणि मी तुला म्हणाले होते, कळत नसेल तर विचारत जा.

नाशकात परत आल्या आल्या मी कपाट उघडलं. सायखेड्याची सगळी लालच होती, शहरातल्या घरट्यांचं एकेक पाकीट काढत गेले. पांढरा दोरा, पांढरा, पांढरा. लाल फक्त पाच. तीच पाच. चिठ्ठ्या मी फाडल्या, पण दोऱ्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. लॅबनं सांगायच्या सहा महिने आधी तू सांगून ठेवलं होतंस, आणि ते माझ्याच कपाटात कुलूप लावून पडलं होतं.

आता सरांचं ऐक. सर काही वाईट माणूस नाहीत, तूही म्हणायचास, मन लावून ऐकतो म्हणून. पण त्यांनी पेपरच्या मसुद्यात एक वाक्य घातलंय. "क्षेत्रीय मदतनिसाकडून नमुन्यांची सरमिसळ झाल्याची शक्यता असल्याने पाच नमुने वगळले आहेत." म्हणजे तू सायखेड्याची पिसं शहरातल्या पाकिटांत भरलीस. चुकून म्हण की मुद्दाम म्हण. अशा परक्या निकालाला दोनच अर्थ असतात म्हणाले, एक तर घारींनी काहीतरी नवीन केलं किंवा माणसानं घोळ घातला, आणि दुसरं नेहमी जास्त शक्य असतं. फोनवर म्हणाले, "त्या माणसाला नीट लिहिता तरी येत होतं का?"

येत होतं. तीन अक्षरी सत्य लिहायला लागतं त्याहून जास्त येत होतं. खाडाखोड केली ती दोन पदव्यांच्या बाईनं!

म्हणून मी फोन ठेवल्यावर, भांडी आपटून झाल्यावर, बसून पत्र लिहिलं. सरांना एक, विद्यापीठाला एक. त्या पाच नमुन्यांच्या मूळ चिठ्ठ्या मी फाडल्या. विद्यार्थ्यांसमोर फाडल्या, त्यांना विचारा. नव्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत. मूळ चिठ्ठ्यांवर जे होतं तेच पुढे लॅबच्या निकालात आलं. सरमिसळ झाली असेल तर ती संशोधक विद्यार्थिनीकडून झाली आहे, लहानूदादांकडून नाही. खाली सही केली. नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "अगं, यानं तुझी पीएचडी अडकेल." अडकू दे. कांदे विकत बसेन देवळ्यात, तिथंही बोहनीला भांडेन. पण तुझ्या नावावर माझी चूक छापू देणार नाही. जिवंतपणी तुला चारचौघांत खोटं पाडलं, तेवढं पुरे झालं.

सकाळी ईमेलवर पत्र पाहून सरांचा पुन्हा फोन आला. म्हणाले, "दोरे काय, कुणीही बांधू शकतं. पिल्लाचं पीस आहे म्हणता ना? ते पाठवा. त्या पाचांशी जुळलं तर बघू." मी म्हटलं, पाठवतेच आहे. आणि नाही जुळलं तरी ती पाच पिसं पेपरमध्ये राहतील, पत्रही राहील. कारण फाडाफाडी मी केली हे खरंच आहे, निकाल काहीही येवो.

तेव्हा ऐक, लहानूदादा. तुला देव करायचा माझा विचार नाही. तू हेकट होतास. ऐकून घ्यायचास आणि मनातलंच करायचास. आठ महिने डबा फळीवर ठेवून बसलास, एक निरोप धाडला असतास तर तुझं काय गेलं असतं? गेटपर्यंत आलास आणि जिना चढला नाहीस. साठ फुटांच्या नीलगिरीवर चढणारा माणूस, तुला दोन मजले जड झाले? यावरून मी तुझ्याशी भांडणार होते. अजून भांडतेच आहे. आणि कदाचित या पिल्लाच्या बाबतीत तू चुकलाही असशील. चुकलास तर तुझ्या नावानं चुकशील. बरोबर निघालास तर तुझ्या नावानं बरोबर. मध्ये मी नाही.

आज दुपारी टाकळीच्या पुलाकडे जाऊन आले. शिरीषावर ती आहे. यंदाही घरटं केलंय, त्याच फांदीवर. सायखेड्याकडच्या घारी महिन्याभरात निघतील, डोंगरातली माणसंही माल उतरला की परततील, पण ती जाणार नाही असं दिसतंय. बुंध्याशी मी चिमूटभर नागली ठेवली, भिमाबाईनं दिलेली. काय होत नाही त्यानं, मला माहीत आहे.

घरी येऊन लॅबचा फॉर्म भरला. नमुना गोळा करणाऱ्याचं नाव, या रकान्यात इतकी वर्षं मी माझं नाव घालत होते. आज तुझं पूर्ण नाव, गावासकट. खाली पक्ष्याचा प्रकार, त्यात खूण करायला दोनच चौकोन, स्थानिक आणि स्थलांतरित. मी दोन्ही चौकोनांवर आडवी रेघ मारली आणि तुझी चिठ्ठी समोर धरून, तुझ्या वाकड्या अक्षरातलं जसंच्या तसं उतरवलं.

पाव्हणीची पोर.

अक्षर माझं आहे, लहानूदादा. कागद तुझा आहे.